आप्पांनी पाळलेलं क्रियापद

कामधंद्यातून मोकळी झाली की माणसं काहीतरी पाळतात. कुणी कुत्रं पाळतं, कुणी पोपट. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त तलाठ्यांनी मधुमेह पाळलाय. त्याला वेळच्या वेळी खायला घालतात, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणतात आणि आल्यागेल्याला त्याच्या खोड्या सांगतात. माझे शेजारी चनबसप्पा, म्हणजे सगळ्या गल्लीचे आप्पा, यांनी मात्र एक इंग्रजी क्रियापद पाळलं. 'गेट'.

हे क्रियापद त्यांना मी दिलं, असं ते सगळ्यांना सांगतात. ते खरं आहे, पण त्यात माझी विद्वत्ता काही नव्हती. मी मूळचा नांदेडचा, लातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. माझं इंग्रजी अक्षांश-रेखांशापर्यंत बरं चालतं, त्यापुढे मी हातवारे करतो. पण जो मास्तर आहे आणि शर्ट खोचतो त्याला इंग्रजी येतंच, असा आप्पांचा समज. एका सकाळी मी मेथीची जुडी घेऊन घरी येत होतो, तर त्यांनी मला त्यांच्या फाटकापाशी अडवलं.

"सर, इंग्रजीत सगळ्यात जास्ती चालनारं क्रियापद कोनतं?"

"कशाला हो आप्पा?"

"घ्यावं म्हनतो."

आप्पांनी उभं आयुष्य आडत बाजारात काढलं. तूर, हरभरा, सोयाबीन. दुकान आता पुतण्या बघतो, पण आप्पांचं बोलणं अजून तिथंच बसलेलं आहे. हातातली मेथी सुकत होती. मी त्यांच्या लोखंडी फाटकाला टेकून उभा होतो. मी म्हणालो, "गेट."

मोठमोठे शोध असेच लागत असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या दारात. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, काखेत मुलाच्या शाळेतली जुनी डिक्शनरी. पडत्या भावात पोती घेऊन ठेवावीत आणि आठवड्यात भाव चढावा, तसा चेहरा.

"सर, ह्याच्यात लई माल निघालाय ओ. पान उलटायलो, उलटायलो, गेट काही संपंना. एकाच क्रियापदात सगळं इंग्रजी भरून ठेवलंय त्या लोकांनी. मग कशाला खामखा बाकीची पाठ करायची?"

तेव्हापासून रोज सकाळी माझा चहा आणि आप्पा एकदमच येऊ लागले. आदल्या दिवशी सापडलेला अर्थ ते माझ्यापुढे मांडायचे आणि म्हणायचे, "माल तपासून घ्या सर." मी तपासून घ्यायचो. म्हणजे मान हलवायचो.

माल पसंत होता, तरी सुरुवातीला त्यांचा या क्रियापदावर राग होता. "गेट म्हंजे मिळनं. बराबर? मग 'गेट अप' म्हंजे उठनं कसं? उठून मला आजपर्यंत काय मिळालं?" थोडं थांबून म्हणायचे, "आन बघा, आपल्याकडं मानूस भिजतंय. त्यांच्याकडं भिजनं मिळतंय. आपल्याला सर्दी होती, त्यांना सर्दी मिळती. लग्न बी मिळतंय, थकवा बी मिळतोय. काय नशिबाची मानसं म्हनावी! काही झालं तरी मिळाल्यातच जमा."

मग एक दिवस त्यांचा राग गेला. कारण त्यांना बाजार आठवला. पूर्वी आडत बाजारात रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरायचा. आता ते बंद झालंय. आप्पांनी माझ्या हातावर माझाच टॉवेल टाकला आणि आतून माझी दोन बोटं दाबली.

"बोला. किती?"

"दोन?"

"कशाचे दोन? दोन शंभर का दोन हजार? ते बोटात नसतंय सर. पुढ्यात माल कोनता हाय त्याच्यात असतंय. तुरीचं बोट निराळं, हरभऱ्याचं निराळं. बोट तेच. तसंच हे गेट. पुढं काय ठेवलंय ते बघायचं आन मग दाबायचं."

हे मला पटलं. पण माझी बोटं त्यांनी बराच वेळ सोडली नाहीत, त्यामुळे पटल्याचं दाखवायला उशीर झाला.

माणसाने घरात काही पाळावं, त्याला माझी हरकत नाही. बाहेर नेताना मात्र साखळी हवी. माझ्या भाच्याचं नांदेडला लग्न होतं. आप्पांना आग्रहाचं आमंत्रण. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि वाटेत जो थांबा येईल तिथे आप्पा उतरणाऱ्याला मोठ्याने "गेट डाऊन" म्हणू लागले. शेवटी कंडक्टरने मला विचारलं, "हे डेपोचे साहेब हायत का?" मी खिडकीबाहेर बघितलं.

कार्यालयात अक्षता पडल्या. वधूवरांना आशीर्वाद द्यायला रांग लागली. आप्पा पुढे झाले, नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यू गेट मॅरिड. नाऊ गेट ओल्ड."

माझी बहीण शेजारीच उभी होती. तिने माझा सदरा ओढला. "काय म्हनले रे ते?"

"म्हातारा हो म्हणाले."

"अगं बाई! बोहल्यावर?"

आप्पांनी ऐकलं. ते अजिबात गडबडले नाहीत. "बराबर बोललो ताई. दोघांनी जोडीनं म्हातारं व्हावं. सगळ्याच जोड्यांला मिळत न्हाई ते." आणि ते जेवायच्या पंगतीकडे गेले. ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "मानूस चांगलं हाय रे. पन पुढच्या बारीला ह्यांचं बोलनं घरी सोडून आनत जा."

सगळ्यात मोठा शोध लागला तो आप्पांच्या गच्चीवर. मी आमच्या गच्चीत कपडे वाळत घालत होतो. (घरातलं हे एक काम माझ्याकडे आहे. बाकीची माझ्याकडून काढून घेतलीत.) आप्पा पलीकडून ओरडले, "सर! घावलं! गेट म्हंजे आपलं लागनं!"

"म्हणजे?"

"आवं, नोकरी लागती, थंडी लागती, ठेच लागती, दार लागतंय, बस फलाटाला लागती, सवय लागती, वेड लागतंय..."

"ते शेवटचं लागलंय," आमची ही खालून म्हणाली. आवाज बेताचा होता, पण गच्च्या जवळजवळ आहेत.

"आपल्याकडं बी एक गेट हायच की ओ," आप्पा म्हणाले. "आपन उगं इंग्रजांला नावं ठेवायलो." मग ते कठड्यापाशी आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "सर, जीव लागतोय ना मानसाला, ते गेटमधी कसं बसवायचं?"

मी बघून सांगतो म्हणालो. अजून बघतोय.

इतके दिवस हा माणूस असा मागे लागला होता, पण हे सगळं कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं. ते हिने विचारलं. वांग्याची भाजी द्यायला गेली आणि दारातच म्हणाली, "आप्पा, ह्या वयात इंग्रजीनं काय करणार?"

"सून यायलीय," आप्पा म्हणाले.

त्यांचा मुलगा महेश हैदराबादला एका कंपनीत आहे. तिथेच भेटलेल्या एका मुलीशी त्याने वर्षभरापूर्वी लग्न केलं. मुलगी केरळची, नाव अश्वती. गल्लीने तिचं अश्विनी करून टाकलं. कंपनीने महेशला काही महिने परदेशी पाठवलं, आणि त्या पोरीने स्वतःच ठरवलं की एकटीने फ्लॅटमध्ये राहण्यापेक्षा लातूरला सासरी राहायचं. तिचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होतं. तिला मराठी येत नाही. आप्पांची हिंदी निजामाच्या जमान्यातली, 'हौ' आणि 'नक्को'ची. ती अश्वतीला कळत नाही, आणि अश्वतीची हिंदी अश्वतीलाही फारशी कळत नाही. उरलं इंग्रजी.

"घरात बाईमानूस न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांच्या पत्नीला, कलावतीकाकूंना, जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. "पोरगी इतक्या लांबून यायलीय. कुनी चार शबुद बोलाय नको का तिच्याशी? न्हाई बोललं तर निघून जाईल ओ ती. आन गेली तर पुन्यांदा कशाला येईल?"

ही भाजीचं भांडं तिथंच विसरून आली.

मग आप्पांची तयारी बघण्यासारखी होती. न्हाणीघरातली फरशी घासून घेतली. खोलीला रंग दिला. केरळात भाजीला खोबरेल तेल घालतात असं कुणीतरी सांगितलं, तर डबा आणला आणि सुनेला देण्याआधी स्वतःच्या आमटीत घालून पाहिलं. त्यानंतर ते कुणाशीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

अश्वती आली. चष्मा लावणारी, बारीक चणीची, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. ती आप्पांच्या पाया पडली. आप्पा फाटक उघडून बाजूला झाले, फाटकाकडेच बघत म्हणाले, "गेट इन." ती आत गेली. जमलेल्या गल्लीने सुस्कारा सोडला. क्रियापद मार्गी लागलं, असं समजून मी माझ्या चहाकडे वळलो.

आठवडाही गेला नसेल, महेशचा फोन आला.

"काका, अश्वती रविवारी परत जाते म्हणतेय. बसचं तिकीटही काढलंय तिनं."

"काय झालं?"

"आप्पा तिच्याशी एक शब्दही बोलत नाहीत. काका, एक शब्द नाही. तिला वाटतंय ती त्यांना पसंत नाही."

आप्पा आणि बोलत नाहीत? मला आधी चुकीचा नंबर लागल्यासारखं वाटलं. संध्याकाळी हिला घेऊन मी आप्पांकडे गेलो.

त्यांचं घर साधंच. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, मधल्या भिंतीत दार. दाराशेजारी स्विचबोर्ड. अश्वती खिडकीजवळ टेबल मांडून काम करत होती, तिथे नेटवर्क बरं येतं. आम्ही टेकलो न टेकलो तोच आप्पा आतून आले. दारात खाकरले. भिंतीसमोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि ट्यूबलाइटच्या बटनाकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "यू गेट हंग्री?"

अश्वतीने ताबडतोब लॅपटॉप मिटला, उठली आणि पाय न वाजवता गॅलरीत निघून गेली. जाताना दारही हळूच ओढून घेतलं.

आप्पा बटनाकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "बघितलं सर? रोज आसंच. मी तोंड उघडलं की उठून जाती. गेट कुठं चुकायलंय का माझं? तपासून घ्या की एकदा."

मी गॅलरीत गेलो. अश्वती कठड्याला टेकून उभी होती. मला बघून हसली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अप्पा सो बिझी, अंकल. ऑलवेज ऑन कॉल. आय गिव्ह हिम प्रायव्हसी."

मला उलगडायला थोडा वेळ लागला. ही पोरगी दिवसभर कानात शेंगदाण्याएवढं काहीतरी घालून समोरच्या हवेशी बोलते. तिच्या कंपनीत सगळेच बोलतात. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला आणि मोठ्याने बोलणारा माणूस म्हणजे फोनवर असलेला माणूस, हे तिने लहानपणापासून नाही, पण नोकरीला लागल्यापासून पाहिलेलं. सासरे बोलू लागले की ही बिचारी शिस्तीत बाहेर जात होती.

"नो कॉल," मी म्हणालो. "ही इज टॉकिंग टू यू."

"बट अंकल, ही इज लुकिंग ॲट द स्विच."

आता मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. आमच्याकडे जुन्या वळणाचे सासरे सुनेच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. तिला अवघडायला नको म्हणून आत येताना आधी खाकरतात. जे सांगायचं ते खांबाला सांगतात, दाराला सांगतात, आणि ज्याने ऐकायचं तो ऐकतो. एवढं सगळं इंग्रजीत सांगायचं म्हणजे माझ्या अक्षांशांच्या फार बाहेरचं काम. मी म्हणालो, "दॅट इज रिस्पेक्ट."

तिने विचार केला. "फॉर द स्विच?"

"फॉर यू."

ती म्हणाली, "सो ऑल धिस वीक... व्हॉट वॉज ही सेइंग?"

"आर यू हंग्री," मी म्हणालो.

तिने चष्मा काढला आणि ओढणीने पुसत उभी राहिली. चष्मा स्वच्छ होता.

मी आत आलो तर आमची ही आप्पांना समजावत होती. "आप्पा, जमाना बदलला. लेकरू परमुलखातलं. तिच्याकडं बघून बोला की."

"न्हाई जमत बाई," आप्पा म्हणाले. ते अजून त्याच भिंतीसमोर होते. "तिच्या सासूकडं बघून कधी बोललो न्हाई मी. आमच्या वक्ताला मोठी मानसं असायची घरात, त्यांच्यासमोर बायकोशी कोन बोलतंय? मग इथं उभारायचं आन भितीकडं बघून बोलायचं. 'दाळ लई पातळ झाली.' 'उद्या उदगीरला जायचंय.' ती आत चुलीपाशी असायची. आतून उत्तर यायचं, 'व्हय का? मग दशम्या करू का?' मोठी मानसं गेली. सवय ऱ्हायली. सगळा संसार ह्या भितीशीच बोललो म्हना की."

"आणि काकू गेल्यावर?" मी विचारलं.

"बोलतोच की. बाजारातून आलो की सांगतो, तुरीला आज काय भाव निघाला. आतून काही येत न्हाई." त्यांनी स्विचबोर्डावरची न दिसणारी धूळ बोटाने पुसली. "म्हनून मला लवकर ध्यानात आलं न्हाई सर. पोरगी उत्तर देईना, तर मला वाटलं, हे बी तसंच."

हिने माझ्याकडे बघितलं. एरवी अशा वेळी मला काहीतरी विनोदी सुचतं.

रविवारी सकाळी अश्वतीची बस होती. पोहोचवायला जावं म्हणून मी आंघोळ उरकून लवकरच गेलो. फाटक करकरलं. आप्पा पूजेला बसले होते. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो.

खिडकीजवळचं टेबल तिथे नव्हतं. ते आता भिंतीला लावलेलं होतं, स्विचबोर्डाच्या बरोबर खाली. भिंतीला पाठ टेकून अश्वती लॅपटॉप उघडून बसली होती. ट्यूबलाइटचं बटन तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर होतं. तिची बॅग कुठे दिसत नव्हती.

"बस?" मी विचारलं.

"कॅन्सल्ड, अंकल."

"नेटवर्क?"

"व्हेरी बॅड हिअर," ती म्हणाली आणि काम करू लागली.

आप्पा पूजेवरून उठले. दारात येऊन खाकरले. हात पाठीमागे बांधले आणि सवयीने बटनाकडे बघितलं. बटनाच्या खाली कुणीतरी आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते एकदम थांबले. पण मागे फिरले नाहीत. मान तशीच वर ठेवून, रोजच्यापेक्षा बऱ्याच हळू आवाजात म्हणाले, "गेट टी?"

"येस, अप्पा," भिंतीकडून उत्तर आलं. "प्लीज."

आप्पा होते तिथेच उभे राहिले. काहीतरी पुढचं बोलायचं असावं. महिनोन्‌महिने साठवलेला माल होता, पण त्यातलं काही बाहेर पडेना. मग ते वळले आणि स्वयंपाकघरात गेले. आतून नळाचा आवाज यायला लागला. तो बराच वेळ येत राहिला. दोन कप चहाला इतकं पाणी लागत नाही.

अश्वतीने माझ्याकडे बघितलं. मी ट्यूबलाइटच्या बटनाकडे बघितलं.